मागच्या चाकांवरचं वजन

मिचेल, नेब्रास्का
२ मार्च १९९८

रूबेन,

फुलं मिळाली. चिठ्ठीवर फुलवाल्याच्या अक्षरात नुसतं तुझं नाव होतं. पास्टरांनी तुला फोन केला होता हे त्यांनीच मला सांगितलं. आल्विनच्या दफनाला तू आला नाहीस, त्याबद्दल हे पत्र नाही. मी लोकांना सांगितलं की तिकडे आयडाहोत रस्ते बर्फानं बंद आहेत. असतीलही.

हे पत्र गाड्यांबद्दल आहे. एल्डन वर्थला दोन्ही पिकअप विकत हव्यात. आल्विनची फोर्ड आणि तुझी शेव्ही. शेव्हीच्या मालकीचा कागद अजून तुझ्याच नावावर आहे, तेव्हा तुझी सही लागेल. शिवाय एल्डन प्रश्न विचारतो आणि मला उत्तरं येत नाहीत. दोन्ही गाड्यांची इंजिनं तू बांधलीस. आता दुसरं कोणी उरलं नाही ज्याला विचारावं.

फोर्ड शहात्तर सालची, पाऊण टन माल वाहणारी, चारशे साठ घन इंचांचं इंजिन. शेव्ही अठ्ठ्याहत्तरची, अर्ध्या टनाची, चारशे चोपन्नचं. एवढं मलाही माहीत आहे. तुम्ही दोघं भाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून इतकी वर्षं यावरूनच भांडलात. तू म्हणायचास, सहा इंच मोठं असून काय उपयोग, ती फोर्ड म्हणजे चर्चची इमारत आहे, जागची हलत नाही. आल्विन म्हणायचा, चर्च असेल, पण तुझी शेव्ही रिकामी बादली आहे, आवाजच जास्त. मग मी दोघांना उठवायचे, कारण टेबल पुसायचं असायचं.

एल्डनला विचारायचंय ते असं. कुठली वजनाला किती? कुठली ओढायला बरी? शेव्हीच्या इंजिनात तू नवं काय घातलं होतंस? आणि ती इतकी वर्षं उभी आहे, सुरू करण्याआधी काय काय बघावं?

शेव्ही मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. तू गेल्यावर आल्विननं दोन हिवाळे तिच्यावर काम केलं. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा बदलला. तो पांढरा मिळाला, गाडी निळी आहे, पण त्यानं रंग दिला नाही. इंजिनाला काही झालंच नव्हतं. काम संपलं त्या दिवशी त्यानं ताडपत्री टाकली आणि पुन्हा कधी ती काढली नाही. का दुरुस्त केली ते मी विचारलं नाही.

मी बरी आहे. झोप लागते. बर्फ गुडघाभर आहे.

लिओटा


२२ मार्च

रूबेन,

तुझा कागद आला. पत्र म्हणवत नाही, एक ओळही माणसाची नाही त्यात, पण उपयोगी पडला. तू लिहिलंस तसं आधी जुनं पेट्रोल उपसलं, प्लग काढून तेल सोडलं, इंजिन हातानं फिरवून पाहिलं. फिरलं. एल्डननं बॅटरी आणली. तिसऱ्या प्रयत्नाला शेव्ही सुरू झाली. आवाजानं शेडच्या पत्र्यावरचा बर्फ खाली आला. एल्डन ओरडला, "लिओटा, ही तर जिवंत आहे गं!" मी म्हटलं, धूर बाहेर जाऊ दे, दार उघड.

शनिवारी आम्ही दोन्ही गाड्या साखर-बीटच्या वजनकाट्यावर नेल्या. हंगाम नसला की काटा रिकामाच असतो आणि किल्ली एल्डनकडे असते. टाक्या भरलेल्या, आत माणूस नाही. तू सांगितलंस तसं आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची.

शेव्ही: पुढे दोन हजार पाचशे साठ पौंड, मागे सतराशे पन्नास. एकूण चार हजार तीनशे दहा.

फोर्ड: एकूण चार हजार नऊशे ऐंशी.

तुझ्या कागदावर फोर्डचं वजन सेहेचाळीसशेच्या आसपास दिलंय. काटा चुकत नाही, शरद ऋतूत सगळ्या खोऱ्याचं बीट त्याच्यावर मोजलं जातं. शेव्हीचं वजन तू लिहिलंच नाहीस. बाकी सगळं लिहिलंस, कॅम कुठला, कार्ब्युरेटर कुठला, मागचं गिअर कुठलं. वजनाची जागा कोरी.

मग गाड्या चालवल्या. एल्डनच्या घरापासून कालव्यापर्यंतचा सरळ मैल तुला आठवत असेल. तो फोर्डमध्ये, मी शेव्हीत. हो, मीच चालवली. पायाखालचं पेडल जरा दाबलं आणि मान मागे गेली. टेलिफोनचे दोन खांब जाईपर्यंत फोर्ड आरशात लहान झाली होती. एल्डन उतरला तो हसतच. "साडेसहाशे पौंडांचा फरक आहे, लिओटा! मी एक लठ्ठ म्हैस चालवतोय आणि तू हरीण."

"मग हरीण घे," मी म्हटलं.

"थांब, आता ओढायला लावू."

त्यानं आपला गुरांचा ट्रेलर आणला, आत दगड भरलेले. चर्चमागच्या चढावर आधी फोर्ड जोडली. ती कुरकुर न करता वर गेली, जणू मागे काही नाहीच. मग शेव्ही. इंजिन ओरडत होतं पण मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, खडी उडून एल्डनच्या पायांवर आदळली. तो नाचायला लागला. "बंद कर! अगं बंद कर, बाई, माझ्या नडग्या!"

म्हणजे तुम्ही दोघंही खरे होतात. ताकद जवळपास सारखीच आहे. फोर्ड ती जमिनीपर्यंत पोचवते, शेव्ही ती हवेत घालवते, कारण तिच्या मागच्या चाकांवर वजनच नाही. हे एल्डननं मला समजावलं. मला ते आधीच समजलेलं होतं.

एल्डननं शेव्हीच्या हौद्यात वाकून पाहिलं. अगदी मागे, फळीच्या जवळ, तळाला चार भोकं आहेत. बोल्टची, गंजलेली. त्यानं त्यात बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "इथं काय बसवलेलं होतं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

मालकीच्या कागदावर सही करून पाठव. घाई नाही.

लिओटा


७ एप्रिल

रूबेन,

तू सही पाठवली नाहीस आणि मीही ती पुन्हा मागत नाहीये. त्याआधी एक सांगायचं आहे. ते सांगायचं म्हणूनच मी पहिलं पत्र लिहायला बसले होते, आणि मग त्यात फुलं, बॅटरी आणि वजनं आली.

आल्विन जानेवारीत स्कॉट्सब्लफच्या दवाखान्यात होता. शेवटच्या आठवड्यात त्याला धड बोलता येत नव्हतं, पण एका दुपारी आलं. नर्स जेवणाचा ट्रे घेऊन गेली होती. तो म्हणाला, "लिओटा, मी मागचं लोखंड काढलं होतं."

मी विचारलं, कुठलं लोखंड.

"शेव्हीचं. रूबेननं बसवलेलं. त्या दिवशी सकाळी."

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. शेव्ही मागे हलकी पडते म्हणून तू हौद्यात रुळाचे तीन तुकडे पट्टीनं एकत्र बांधून बोल्टनं आवळले होतेस. त्या ऑक्टोबरात एल्डनचा बीटचा ट्रक शेतात रुतला. फोर्डला पकड यावी म्हणून आल्विननं ते लोखंड काढून फोर्डमध्ये टाकलं आणि ट्रक ओढायला गेला. इकडे बीट काढायच्या यंत्राचा तेलाचा पाइप फुटला. माझा डॅरेल नवा आणायला गावात निघाला, आणि अंगणात शेव्हीच होती. रस्त्यावर बीटच्या ट्रकांनी पाडलेला चिखल होता, त्यावर दव. पुढचं तुला माहीत आहे. कालव्याच्या पाणी सोडायच्या दाराचं सिमेंट. ड्रायव्हरची बाजू.

आल्विन एवढंच बोलला. मी त्याचा हात धरलेला होता, तो तसाच धरून ठेवला. मला काही वाटलं नाही, रूबेन. मी खिडकीतून पार्किंगकडे बघत होते आणि एक माणूस काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्याची काच पूर्ण साफ होईपर्यंत मी बघितलं.

डॅरेलच्या दफनानंतर आल्विन तुला काय म्हणाला होता ते चर्चच्या तळघरात सगळ्यांनी ऐकलं. लोकांच्या हातात कॉफीचे कप होते. "एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात तू तोफ दिलीस. एवढं इंजिन एवढ्याशा गाडीत घालायला तुला कोणी सांगितलं होतं?" तू कप खाली ठेवलास आणि कोट घेतलास. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत तू आयडाहोला गेलेला होतास. मला वाटलं, गप्प राहिला म्हणजे त्याला पटलंय. मलाही पटलं होतं.

गेल्या आठवड्यात मी फोर्डच्या हौद्यातली हत्यारांची पेटी सरकवायला लावली. लोखंड तिच्या खालीच होतं. तेव्हापासून तिथंच. फोर्डचं वजन जास्त का भरलं ते कळलं. एल्डननं ते पाहिलं आणि म्हणाला, "हे तर त्या दिवशीचं, आल्विननं मला बाहेर काढलं तेव्हाचं." मग त्याचं त्यालाच काहीतरी उलगडलं असावं. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी त्याला म्हटलं, हे शेव्हीत बसवून दे. साखळीची कप्पी लावूनही आम्हा दोघांना दम लागला. बोल्ट त्याच भोकांत गेले.

पुन्हा काट्यावर नेली. पुढे दोन हजार पाचशे तीस, मागे दोन हजार एकशे चाळीस. एकूण चार हजार सहाशे सत्तर.

गुरुवारी ओला बर्फ पडला, रस्त्यावर चिखलाचा लगदा झाला. मी कालव्याच्या वळणावर गेले. एल्डन म्हणाला, "तू वेडी झालीस का? मी चालवतो." मी म्हटलं, तू वरच्या बाजूला उभा राहून गाड्या थांबव. लोखंडासकट पस्तीस मैलांच्या वेगानं वळले. पुढचं तोंड जरा बाहेर गेलं, शेपूट मागोमाग आली. तीनदा केलं, तीनदा तसंच. मग आम्ही लोखंड काढलं आणि त्याच वेगानं मी पुन्हा वळले. शेपूट पुढे आली. मला वाटलं होतं की गोल फिरताना वेळ लागत असेल, माणसाला काही सुचत असेल. नाही. दिसायला लागलं तेव्हा मी रस्त्यात आडवी उभी होते, तोंड कालव्याकडे. वायपर चालू होते. ते मी बंद केले.

 

यातून किती सिद्ध होतं मला माहीत नाही. डॅरेल पस्तीसनं गेला नसेल. लोखंड असतं तरी कदाचित गेला असता. पण हे तुला कळायला हवं होतं, आणि आल्विननं ते तुला सांगायला हवं होतं. त्यानं मला सांगितलं. म्हणून मी सांगते आहे.

लिओटा


२९ एप्रिल

रूबेन,

तुझं पत्र आलं. या वेळी ते पत्र होतं.

मी ते ओट्याजवळ उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. तू लिहितोस, "लिओटा, मला माहीत होतं. ते लोखंड एकट्याला उचलत नाही. दुसरं टोक मी धरलं होतं."

खरंच. मी आणि एल्डन धापा टाकत होतो तेव्हा माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

तू लिहितोस की आल्विन ट्रक ओढायला गेला आणि तू अंगणातच यंत्राजवळ राहिलास. डॅरेलला किल्ली तू दिलीस आणि सांगितलंस, मागे हलकी आहे, जपून जा. आणि तळघरात तू गप्प राहिलास, कारण तोंड उघडलं असतं तर एकतर लोखंडाचं निघालं असतं, आणि आल्विन त्याखाली मेला असता; नाहीतर तू पोराला बजावलं होतंस हे निघालं असतं, आणि मग सगळं डॅरेलवर गेलं असतं. तो तर स्वतःची बाजू सांगायला नव्हता. "म्हणून मी म्हटलं, माझ्यावरच राहू दे," असं तू लिहितोस. "मी एकटा माणूस, मला कुठंही काम मिळालं असतं."

मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. अंड्यांच्या टोपल्या धुतल्या. घराच्या तळघराच्या खिडक्या धुतल्या. मग तिसऱ्या दिवशी एल्डन आला आणि म्हणाला, "काय, देतेस का गाड्या?" मी त्याला इतक्या जोरात "नाही" म्हटलं की त्याचा कुत्रा गाडीत जाऊन बसला.

मला राग आलाय, रूबेन. बरेच दिवस मला काही वाटतच नव्हतं, म्हणून ओळखायलाही वेळ लागला. तू चांगलं केलंस असं तुला वाटतं आणि कदाचित केलंही असशील. पण तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत की कोणी काय उचलायचं. एकानं खोटं उचललं, दुसऱ्यानं गप्प राहणं. मला कोणी विचारलं नाही. मी त्याची आई होते. आल्विन माझ्या शेजारी झोपून ते लपवत राहिला आणि मला वाटत राहिलं की तो नुसता दुःखात आहे. तू दर रविवारी माझ्या टेबलावर जेवायचास, आणि मी तुझी खुर्ची वर माळ्यावर नेऊन ठेवली, कारण मला ती बघवत नव्हती. तुझा राग करायला मला फार कष्ट पडले. ते सगळे फुकट गेले.

आणखी एक. मला आजवर वाटायचं, डॅरेलला त्या सकाळी शेवटचं कोणी भेटलंच नाही. मी कोंबड्यांकडे होते, बाप शेतात. गाडी गेल्याचा आवाज मी ऐकला, तेवढाच. आता तू लिहितोस की तू त्याच्या समोर उभा होतास. तू त्याला जपून जा म्हणालास. मग त्यानं काहीतरी उत्तर दिलं असेल.

ते मला लिही. इंजिन नको, वजन नको. तो काय म्हणाला, तेवढं लिही. चांगलं नसलं तरी लिही.

लिओटा


१६ मे

प्रिय रूबेन,

मिळालं.

तू चार वेळा माफी मागितलीस की यात काही विशेष नाही. तू त्याला जपून जा म्हणालास, तो "हो रे काका" म्हणाला आणि त्यानं तुझं ऐकलं की नाही तेही तुला कळलं नाही, कारण त्याचं तोंड भरलेलं होतं. हातात मी सकाळी भाजलेला कोबी-खिम्याचा पाव होता, कागदात गुंडाळलेला. अर्धा त्यानं तुला दिला आणि म्हणाला, "आईनं आज मीठ फार टाकलंय. सांगू नकोस हं तिला, मनाला लावून घेईल." आणि गेला.

मीठ जास्त झालं होतं. मी दोनदा टाकलं होतं, मधेच फोन आला म्हणून. मला ते दुपारी, उरलेला एक खाल्ला तेव्हा कळलं, आणि मला वाटलं, पोरानं खाल्ला असेल का हा असला. दहा मिनिटांनी शेरीफची गाडी अंगणात आली, आणि मग मिठाचं मी कोणाला कशाला विचारणार होते?

काल संध्याकाळी मी पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता रडायला आलं. जानेवारीत नाही आलं, दफनाच्या दिवशी नाही, वळणावर नाही. हात पिठात होते, डोळे पुसता येईनात. तसंच मळत राहिले. मग पीठ जास्त झालं, म्हणून एल्डनला बोलावलं. त्यानं तीन पाव खाल्ले.

डॅरेलनं अर्धा खाल्ला होता म्हणजे त्याला भूक होती. खारट असूनही खाल्ला. आणि अर्धा तुला दिला. हे माझ्याजवळ आता आहे.

शेव्ही मी एल्डनला देत नाही. ती तुझी आहे, येऊन घेऊन जा. जूनमध्ये ये, बीटची विरळणी चालू असते तेव्हा. मला मदतही होईल. तुझी खुर्ची मी आज खाली आणली. एक पाय डगमगतो. तो तूच येऊन बसव.

लिओटा